ताण दिला की काच-प्लास्टिकमध्ये रंग का उमटतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान विदर्भातल्या खेड्यापाड्यांतले विज्ञान शिक्षक, आयटीआयची मुलं, काच बसवणारे कारागीर आणि प्रदर्शनासाठी मॉडेल करणारे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. गावात किंवा तालुक्याच्या बाजारात जे मिळतं तेवढ्यावरच यातले प्रयोग होतात. आकडे साधारण आहेत. तुमच्या हातातल्या तुकड्याचा नेमका आकडा कसा काढायचा, तेही पुढे दिलं आहे.

ताण दिल्यावर पदार्थात नेमकं काय बदलतं?

अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात शिरल्यावर प्रकाश किती मंदावतो याचं माप, बदलतो. काचेत किंवा प्लास्टिकमध्ये प्रकाशाचा वेग अणूंभोवतीचे इलेक्ट्रॉन किती सहज हलतात आणि अणू किती दाटीने बसले आहेत यावर ठरतो. तुकडा एका दिशेने ओढला की त्या दिशेची अंतरं आणि आडव्या दिशेची अंतरं सारखी राहत नाहीत. मग ओढीच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश एका वेगाने जातो आणि आडवा कंप पावणारा दुसऱ्या वेगाने. एकाच पदार्थाला असे दोन अपवर्तनांक येणं म्हणजे द्विअपवर्तन. ओढ सोडली की ते जातं. काचेत ते पूर्ण जातं, प्लास्टिकमध्ये बहुतेक जातं.

मग साध्या डोळ्यांना काहीच का दिसत नाही?

कारण दोन वेगांमधला फरक फार लहान असतो आणि आपल्या डोळ्याला प्रकाशाच्या कंपनाची दिशा कळत नाही. आधी प्रकाश एकाच दिशेत कंप पावेल असा करावा लागतो. त्यासाठी तुकड्याच्या अलीकडे एक पोलराइड फिल्म धरतात, जी एकाच दिशेचं कंपन पुढे जाऊ देते. तो तुकड्यातून गेला की त्याचे दोन भाग होतात आणि एक भाग मागे पडतो. पलीकडे दुसरी पोलराइड फिल्म आडवी धरली की हे दोन भाग पुन्हा एका रेषेत येऊन एकमेकांत मिसळतात. मागे पडण्याचं अंतर एखाद्या रंगाच्या पूर्ण तरंगलांबीएवढं असेल तर तो रंग विझतो, आणि उरलेल्या रंगांचं मिश्रण आपल्याला दिसतं. फिल्म रंग तयार करत नाही. पांढऱ्या प्रकाशातून काही रंग वजा होतात, एवढंच घडतं.

हे कुणी शोधलं?

स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५-१६ च्या सुमारास दाबलेल्या काचेत हे पाहिलं. पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी विशीच्या आत असतानाच जिलेटिनसारख्या पदार्थात असे रंग पाहून त्यावरून ताणाचं गणित मांडलं. त्यांचा तो लेख १८५० चा. त्या काळी कॅल्साइट स्फटिकाचे महागडे प्रिझम लागायचे. १९२९ मध्ये एडविन लँड यांनी पोलराइड फिल्मच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि पुढे हे काम शाळेच्या टेबलापर्यंत येऊ शकलं.

सामान काय लागतं आणि खेड्यात कुठे मिळेल?

मुख्य वस्तू म्हणजे पोलराइड फिल्मचे दोन तुकडे. बंद पडलेला एलसीडी मॉनिटर किंवा टीव्ही भंगारवाल्याकडे सापडतो. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात फुटलेल्या डिस्प्लेचा ढीग असतो, त्यातलेही तुकडे चालतात. कॅल्क्युलेटरची फिल्म फार लहान असते, ती फक्त चाचणीला ठेवा. उजेडासाठी ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब आणि त्यापुढे ट्रेसिंग पेपर किंवा दुधी प्लास्टिक लावा, म्हणजे उजेड सगळीकडे सारखा पसरतो. जुना पिवळा बल्ब नको. त्याच्या उष्णतेने फिल्म आकसते आणि तपकिरी पडते.

जुन्या मॉनिटरमधून फिल्म कशी काढायची?

आधी एक इशारा. जुन्या मॉनिटरमध्ये मागून उजेड देणाऱ्या बारीक ट्यूब असतात. त्यांच्या सर्किटमध्ये शेकडो व्होल्ट तयार होतात आणि ट्यूबमध्ये पारा असतो. प्लग काढल्यावर लगेच हात घालू नका, आणि ट्यूब फुटू देऊ नका. हे काम लहान मुलांकडून करून घेऊ नये.

पॅनलची काच सुटी झाली की तिच्या दोन्ही बाजूंना फिल्म चिकटलेली दिसेल. हातमोजे घाला. एका कोपऱ्यात ब्लेडचं टोक सरकवून फिल्म उचला, हेअर ड्रायरने कोमट करत अगदी आडव्या कोनात हळूहळू ओढा. सरळ वर ओढली तर काच तडकते आणि फिल्मवर पांढऱ्या चुण्या पडतात, त्या पुन्हा जात नाहीत. उरलेला डिंक सॅनिटायझरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाच मिनिटं भिजवून कापडाने काढा. थिनर लावू नका, फिल्म विरघळते.

समोरची फिल्म बहुतेक वेळा खरखरीत असते, तिच्यातून धुरकट दिसतं. मागची स्वच्छ असते. म्हणून स्वच्छ फिल्म डोळ्याकडे आणि खरखरीत फिल्म दिव्याकडे ठेवा. दोन फिल्म आडव्या-उभ्या धरूनही काळोख न होता जांभळट किंवा तपकिरी छटा राहत असेल, तर एक फिल्म उलटी करून पाहा. काही फिल्मच्या एका अंगाला जादा थर असतो. तो आतल्या बाजूला आला की घोटाळा होतो.

फिल्म मिळालीच नाही तर?

लॅपटॉपचा किंवा चालू एलसीडी मॉनिटरचा पडदा पूर्ण पांढरा करा. तो स्वतःच ध्रुवीभूत (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश देतो, म्हणजे अर्धं काम झालं. समोर पोलराइड गॉगल धरून फिरवा. ज्या कोनात पडदा काळा होईल तिथे थांबा आणि मधे प्लास्टिकचा चमचा धरा. मोबाईलचा पडदाही चालतो, पण काही फोनवर गॉगल घालूनही दिसावं म्हणून वरती आणखी एक थर असतो. गॉगल फिरवूनही तो फोन काळा होत नाही, तेव्हा दुसरा फोन घ्या. गॉगल खरंच पोलराइड आहे का, हेही याच चाचणीत कळतं. बाजारात त्या नावाखाली नुसते काळे गॉगलही विकले जातात.

मांडणी कशी करायची?

दिवा, दुधी पडदा, पहिली फिल्म, मधे १० ते १५ सेंटीमीटर मोकळी जागा, दुसरी फिल्म, मग डोळा किंवा कॅमेरा. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन खिडक्या कापून हे बसवता येतं, पण वजन टांगायचं असेल तर लाकडी चौकट करा. पुठ्ठा वाकला की नमुना तिरपा होतो. दुसरी फिल्म अशी फिरवा की नमुना नसताना समोर पूर्ण काळोख होईल. मगच ती टेपने पक्की करा.

आता वर्गात पॉलिस्टायरीनचा पारदर्शक चमचा दाखवा, लग्नाच्या पंगतीत आइस्क्रीमसोबत येतो तो. दांड्यात लांबच लांब रंगीत पट्टे दिसतील, आणि जिथून साच्यात प्लास्टिक शिरलं तिथे पट्टे गर्दी करून वळलेले दिसतील. दांडा किंचित वाकवा. पट्टे सरकतात. बोट काढलं की परत जागेवर येतात.

चमच्यावर काहीच जोर नव्हता, तरी रंग का होते?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नमुन्यात दोन प्रकारचे रंग असतात. एक आज दिलेल्या जोराचे. दुसरे तयार होतानाच आत गोठून बसलेले. चमचा साच्यात ओतला जातो तेव्हा कडेचं प्लास्टिक आधी थिजतं आणि मधलं नंतर. वाहताना लांब रेणू एका दिशेने ओढले जातात आणि तसेच अडकून राहतात. चिकटपट्टी, पारदर्शक गिफ्ट पेपर, प्लास्टिकची मोजपट्टी यांचंही तसंच. म्हणून जोर देण्याआधी नमुना रिकामा पाहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. रिकाम्या तुकड्यात रंग असतील तर पुढचं कुठलंच मोजमाप धरू नका. प्रदर्शनात अनेक मॉडेल इथेच चुकतात. चिकटपट्टीचे रंग “ताणाचे रंग” म्हणून दाखवले जातात आणि परीक्षकाने “जोर कुठे आहे?” असं विचारलं की उत्तर नसतं.

कोणतं प्लास्टिक घ्यावं? अॅक्रिलिकमध्ये रंगच दिसत नाहीत.

दिसणारही नाहीत, कारण अॅक्रिलिक या बाबतीत फार मंद आहे. पदार्थाची ही संवेदनशीलता ब्रूस्टर या एककात मोजतात. साध्या काचेची साधारण २.६, अॅक्रिलिकची ४ ते ५ आणि तीही उलट चिन्हाची, इपॉक्सीची ५५ च्या आसपास, पॉलिकार्बोनेटची ८० च्या आसपास.

याचा अर्थ हिशेबातून बघा. नियम असा: मार्गफरक = संवेदनशीलता × जाडी × (मोठं प्रतिबल − लहान प्रतिबल). मार्गफरक म्हणजे प्रकाशाच्या एका भागाचं मागे पडण्याचं अंतर, आणि प्रतिबल म्हणजे दर क्षेत्रफळामागे येणारा जोर. पॉलिकार्बोनेटचा ३ मिमी जाड तुकडा घेतला आणि प्रतिबलांमधला फरक ५ मेगापास्कल असेल, तर मार्गफरक १२०० नॅनोमीटर येतो. रंगांचा पूर्ण क्रम दोनदा होऊन जातो. तेवढ्याच फरकाला ६ मिमी जाडीच्या काचेत फक्त ७८ नॅनोमीटर येतो, म्हणजे नुसती राखाडी झाक.

पॉलिकार्बोनेट शेडवर टाकायच्या सपाट पारदर्शक शीटमध्ये मिळतं. मधे पोकळ नळ्या असलेली शीट नको, भरीव हवी. दुकानदार पुष्कळदा दोन्ही प्लास्टिकना “फायबर” म्हणतो. ओळखायचं असेल तर एक पातळ पट्टी वाकवून पाहा. अॅक्रिलिक कटकन तुटतं, पॉलिकार्बोनेट दुमडतं.

कापल्यावर कडेने रंग राहतात. ते कसे घालवायचे?

करवतीच्या उष्णतेने कड वितळून पुन्हा थिजते आणि ताण आत अडकतो. बारीक दातांची हॅकसॉ वापरा, हळू कापा, मधूनमधून पाणी टाका. रेषेच्या बाहेर २ मिमी सोडून कापायचं आणि उरलेलं कानस व पॉलिश पेपरने आणायचं. भोक एकदम पूर्ण मापाचं पाडू नका. आधी लहान ड्रिल, मग मोठं, आणि शेवटचा अर्धा मिमी अगदी सावकाश.

तरीही रंग राहिले तर भाजावं लागेल. तापमान नियंत्रित होणारा ओव्हन १२०-१२५ अंशांवर ठेवा. तुकडा सपाट काचेवर ठेवून दोन तास आत राहू द्या, मग बंद करून दार न उघडता रात्रभर थंड होऊ द्या. १४५ च्या पुढे गेलात तर तुकडा मऊ पडून वाकतो. चुलीवरच्या तव्यावर किंवा गॅसवर हे करू नका. तापमान एकसारखं राहत नाही आणि जुना ताण जाण्याआधी नवा बसतो.

आणखी एक. पॉलिकार्बोनेट पेट्रोल, थिनर, अॅसिटोन यांनी पुसू नका. ताणाखालच्या जागी अशा द्रवाचा थेंब पडला की बारीक भेगांचं जाळं पसरतं. फवारणीच्या वेळी घालायचा संरक्षक चष्माही बहुधा याच प्लास्टिकचा असतो. तोही साबणाच्या पाण्यानेच धुवावा.

रंगावरून ताण किती ते कसं ओळखायचं?

जोर वाढवत गेलं की रंग ठरलेल्या क्रमाने येतात: काळा, राखाडी, पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल, मग एक झटक्यात जांभळा. हा पहिला जांभळा ५६० नॅनोमीटरच्या आसपास येतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे रंग फार पटकन बदलतो, म्हणून खूण म्हणून तोच धरतात. त्यानंतर निळा, हिरवा, पिवळा, गुलाबी आणि दुसरा जांभळा ११२० च्या आसपास. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून नुसते फिके गुलाबी आणि हिरवे पट्टे उरतात. पुढे मोजायचं असेल तर पांढऱ्या दिव्याच्या जागी हिरवा एलईडी लावा. मग काळे-हिरवे पट्टे सरळ मोजता येतात.

दोन सूचना. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे सुरक्षित, असं इथे नसतं. लाल रंग पहिल्या फेरीतही येतो आणि चौथ्या फेरीतही. काळ्यापासून मोजत यावं लागतं. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: रंग दाखवतो तो दोन मुख्य प्रतिबलांमधला फरक. एखाद्या ठिकाणी दोन्ही दिशांनी सारखीच ओढ असेल तर तिथे काळंच दिसेल, मग ओढ कितीही असो.

फिल्म फिरवल्या की काळे पट्टे सरकतात. हे काय?

हे दुसऱ्या जातीचे पट्टे आहेत. जिथे ताणाची दिशा फिल्मच्या दिशेला समांतर किंवा काटकोनात असते, तिथे प्रकाशाचे दोन भागच होत नाहीत, म्हणून काळं दिसतं. दोन्ही फिल्म एकत्र फिरवा. सरकतात ते दिशेचे पट्टे, जागेवर राहतात ते ताण किती आहे हे सांगणारे. ताणाच्या दिशा नोंदवायच्या असतील तर १५-१५ अंशांनी फिरवत प्रत्येक वेळी काळा पट्टा कागदावर उतरवून घ्या.

ते पट्टे नको असतील तर नमुन्याच्या दोन्ही बाजूंना पाव-तरंग फिल्म (प्रकाशाचा एक भाग पाव तरंगलांबीने मागे पाडणारी) लावावी लागते. ती वेगळी विकत घेण्याऐवजी सिनेमागृहातला ३डी चष्मा वापरा, वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा. एका चष्म्याची डावी काच दिव्याकडे उलटी लावा, म्हणजे तिची डोळ्याकडची बाजू दिव्याकडे येईल. दुसऱ्या चष्म्याची उजवी काच डोळ्यासमोर नेहमीसारखी धरा. मैदान, म्हणजे नमुन्याभोवतीची मोकळी जागा, काळं होतं आणि सरकणारे पट्टे गायब होतात. दोन्हीकडे डावीच लावली तर मैदान उजळ राहतं.

माझ्या प्लास्टिकचा नेमका आकडा कसा काढू?

गोल चकती दाबून. चकतीची गंमत अशी की सूत्रात जाडी येतच नाही: पट्ट्याची किंमत = (८ × जोर) ÷ (३.१४ × व्यास × मध्यभागी आलेल्या पट्ट्याचा क्रमांक). पट्ट्याची किंमत म्हणजे एक मिमी जाडीत एक पट्टा यायला लागणारा प्रतिबलांमधला फरक.

५ ते ६ मिमी जाड शीटमधून ५० मिमी व्यासाची चकती काढा, कड गोल आणि काटकोनात असू द्या. एक मीटरची लाकडी दांडी घ्या. एक टोक खिळीत असं बसवा की ते वर न उचलता फिरेल, खिळीपासून १० सेंटीमीटरवर दांडीखाली चकती उभी ठेवा आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगा. चकतीवर दहापट जोर येतो. पॉलिकार्बोनेटसाठी पट्ट्याची किंमत दर मिलिमीटरला ७ न्यूटनच्या आसपास असते. त्या हिशेबाने १३७ न्यूटन, म्हणजे साधारण १४ किलोला मध्यभागी पहिला जांभळा यायला हवा. टांगायचं वजन फक्त १.४ किलो. पण दांडीचं स्वतःचं वजनही जोर देतं, तेव्हा चकतीच्या जागी तराजू ठेवून ते आधी मोजा आणि मिळवा.

फार मोठा आकडा आला तर बहुतेक वेळा दांडी खिळीत अडकत असते. चकती एका बाजूला जास्त रंगीत दिसत असेल तर ती तिरकी उभी आहे. दर वेळी आकडा घेताना तितकाच वेळ थांबा, समजा दोन मिनिटं. प्लास्टिक सावकाश ढळतं. रात्रभर वजन तसंच ठेवलं तर सकाळी पट्टे थोडे पुढे गेलेले असतात.

शेतीतली कोणती गोष्ट मॉडेल म्हणून दाखवता येईल?

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हुक सगळ्यात बोलका आहे. ५ मिमी शीटमधून १० सेंटीमीटर उंचीचा हुक कापा आणि खाली वजन टांगा. वळणाच्या आतल्या कडेला पट्टे एकमेकांना चिकटतील, बाहेरच्या कडेला विरळ राहतील, आणि मधे एक काळी रेषा दिसेल जिथे ताण शून्यावर येतो. आतल्या कडेला मुद्दाम एक बारीक खाच पाडून पुन्हा वजन टांगा. सगळे पट्टे त्या खाचेच्या टोकाकडे धावतात. हुक आतून का तडकतो आणि वेल्डिंगचा खडबडीत काठ घासून गुळगुळीत का करायचा, हे गावातला वेल्डर हे बघून चटकन सांगेल.

दुसरं मॉडेल भोकाचं. रुंद पट्टीच्या मधे लहान गोल भोक पाडून पट्टी ओढली की भोकाच्या दोन बाजूंच्या कडांवर दूरच्या भागापेक्षा तिप्पट ताण येतो. हे गणित एर्न्स्ट किर्श यांनी १८९८ मध्ये मांडलं. पट्टे मोजून तुम्हाला तिपटीच्या आसपासचा आकडा मिळायला हवा. पट्टी भोकाच्या व्यासाच्या निदान आठ-दहापट रुंद घ्या.

जोर फार हळू वाढवा. घाईने टाकलेलं वजन झोके घेतं आणि पट्टे धूसर दिसतात.

मॅक्सवेलसारखं जिलेटिन वापरता येईल का?

येईल, आणि शाळेसाठी ते फार सुंदर दिसतं, कारण बोटाने दाबलं तरी रंग येतात. १५ ग्रॅम साधं, चव-रंग नसलेलं जिलेटिन १०० मिलिलिटर थंड पाण्यात दहा मिनिटं फुगू द्या, मग ६० अंशांपर्यंत कोमट करून ढवळा. उकळू देऊ नका, पकड कमी होते. वरचा फेस चमच्याने काढा, सपाट डब्यात २ सेंटीमीटर उंच ओता आणि फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा.

आपल्याकडे हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. जिलेटिन साधारण ३० ते ३५ अंशांना वितळतं. एप्रिल-मे मध्ये चंद्रपूर-नागपूरला पारा ४५ ला टेकतो तेव्हा वर्गात आणेपर्यंत वडीचं पाणी झालेलं असतं. जिलेटिन प्राणिजन्य आहे हे शाळेत आधी सांगा. नको असेल तर किराण्यातलं चायना ग्रास चालतं, पण ते दुधाळ असतं, रंग फिके येतात आणि वडी लवकर फुटते.

बादलीची कडी वाकवली की तिथे पांढरं पडतं. तोही हाच प्रकार का?

नाही. तिथे प्लास्टिकच्या आत अतिशय बारीक पोकळ्या आणि भेगा पडलेल्या असतात. त्या सगळ्या दिशांना प्रकाश उधळतात, म्हणून पांढरं दिसतं. फिल्मची गरज नाही आणि जोर काढला तरी जात नाही. तो भाग कमजोर झालाय असं समजा.

एसटीच्या किंवा जीपच्या मागच्या काचेवर कधीकधी ठिपक्यांची नक्षी दिसते, ती कशाची?

टफन्ड काचेची. ही काच ६२० अंशांच्या पुढे तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारतात. वरचा थर आधी थिजतो, आतला नंतर आकसतो, म्हणून पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा ओढीखाली राहतो. पूर्ण टफन्ड काचेत पृष्ठभागावरचा दाब ६९ मेगापास्कलच्या पुढे असावा लागतो. हवेच्या नळ्यांखाली आणि नळ्यांच्या मधे थंड होण्याचा वेग सारखा नसतो, त्यातून नक्षी येते. सकाळ-संध्याकाळी निरभ्र आकाशाचा उजेड, सूर्यापासून ९० अंशांवरचा, आपोआप ध्रुवीभूत असतो. तोच पहिली फिल्म होतो, आणि काचेवरचं तिरकं परावर्तन दुसरी. गॉगल घातला की नक्षी आणखी ठळक दिसते. हा काचेतला दोष नाही.

टफन्ड काच नंतर कापता, घासता किंवा ड्रिल करता येत नाही. गाभ्यातली ओढ मोकळी होऊन सगळी काच दाण्यांत फुटते. माप आधी घ्या, भोकं आधी पाडून घ्या. काच टफन्ड आहे की साधी, हे कापण्याआधी दोन फिल्ममधे धरून बघण्याची सवय काचवाल्यांनी लावून घ्यावी. त्यात वेळ आणि बोटं दोन्ही वाचतात.

मोबाईलच्या स्क्रीन गार्डमध्ये समोरून काहीच रंग दिसत नाहीत. मग ते खोटं आहे का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. दाब सगळीकडे आणि सगळ्या दिशांना सारखा असेल तर समोरून पाहताना दोन दिशांमधला फरक शून्य असतो. वरच्या मुद्द्याचीच ही आठवण. ताण बघायचा असेल तर काचेच्या कडेतून, पातळ बाजूने पाहावं लागतं. गार्डमध्ये कड इतकी पातळ असते की घरी ते जमत नाही. जाड टफन्ड काचेत मात्र जमतं.

उन्हाळ्यात खिडकीची काच आपोआप तडकते, त्याचा याच्याशी संबंध आहे?

आहे. काचेचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत किंवा चौकटीत दडलेला असेल, तर तापलेला भाग प्रसरण पावतो आणि थंड कड ओढली जाते. तापमानात एका अंशाचा फरक पडला तर काचेत साधारण ०.६ ते ०.८ मेगापास्कल ताण येतो. फरक ४० अंशांच्या पुढे गेला की साधी काच धोक्यात. तडा जवळजवळ नेहमी कडेपासून सुरू होतो, कारण कापताना कडेवर बारीक खाचा राहतात. म्हणून कड घासून घ्या, चौकटीत २ ते ३ मिमी फट सोडा, आणि दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकते, कारण तेच.

कापसाचा धागा फिल्ममधे चमकतो. तोही ताण का?

तो ताण नव्हे, रचना. कापसाच्या तंतूत सेल्युलोजच्या साखळ्या तंतूच्या लांबीला धरून, किंचित पिळाने रचलेल्या असतात. त्यामुळे त्याचे दोन अपवर्तनांक ०.०४५ च्या आसपास वेगळे असतात, काचेतल्या ताणाच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त. तंतूची भिंत जितकी भरलेली, तितका मार्गफरक जास्त. म्हणूनच सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवीभूत प्रकाशात पक्व तंतू पिवळट आणि अपक्व तंतू निळसर-जांभळे दिसतात. मधे पहिल्या फेरीच्या लाल रंगाची पट्टी ठेवावी लागते. पक्वता तपासण्याची ही जुनी, मान्य पद्धत आहे. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला वर-खाली फिल्मचे तुकडे लावून बोंडातला एक तंतू नक्की पाहा. कापूस पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला याहून जवळचा नमुना मिळणार नाही.

प्रतिबल महत्त्वाचं की विकृती?

मुळात अणूंची अंतरं बदलतात, म्हणजे तुकड्याचा आकार किंचित बदलतो, आणि तीच विकृती. फ्रिड्रिश पॉकेल्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्फटिकांसाठी गणित मांडलं ते विकृतीवरच. क्वार्ट्झ काचेसाठी त्यातले दोन स्थिरांक ०.१२१ आणि ०.२७० आहेत. काचेत प्रतिबल आणि विकृती एका प्रमाणात चालतात, म्हणून कोणतंही धरा. रबरात आणि मऊ प्लास्टिकमध्ये रेणूंची दिशा वळण्याचा भाग मोठा असतो. तिथे वेळ आणि तापमान लिहून ठेवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

पूल किंवा धरणात हे तंत्र कसं वापरतात? तिथे तर पारदर्शक काहीच नसतं.

ऑप्टिकल फायबर वापरून. केसाएवढ्या काचतंतूत ठरावीक अंतरावर अपवर्तनांकाच्या बारीक पायऱ्या कोरतात. त्याला ब्रॅग जाळी म्हणतात, आणि तिची सुरुवात १९७८ मध्ये केनेथ हिल यांच्या कॅनडातल्या प्रयोगातून झाली. जाळी एकच तरंगलांबी परत पाठवते. तंतू ताणला की पायऱ्यांमधलं अंतर वाढतं आणि त्याचबरोबर अपवर्तनांक थोडा घटतो. दोन्ही मिळून १५५० नॅनोमीटरला, मीटरमागे एक मायक्रोमीटर ताणासाठी, परतलेली तरंगलांबी १.२ पिकोमीटर सरकते.

अडचण तापमानाची. एका अंशाला साधारण १० पिकोमीटर सरकते. डिसेंबरची पहाट १० अंशांची आणि मे ची दुपार ४६ अंशांची धरली, तर ३६० पिकोमीटरचा फरक नुसत्या हवामानाचा, म्हणजे मीटरमागे ३०० मायक्रोमीटरचा खोटा ताण. म्हणून शेजारी एक मोकळी, ताण न येणारी जाळी ठेवून तिचा आकडा वजा करतात. विदर्भातल्या हवेत ती नसेल तर मोजमाप निरुपयोगी.

सिलिकॉनसारख्या अपारदर्शक पदार्थात?

तिथे रामन परिणाम कामी येतो, म्हणजे पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा थोडा भाग तरंगलांबी बदलून परततो. २८ फेब्रुवारी १९२८ ला लागलेल्या ज्या शोधासाठी आपण विज्ञान दिन पाळतो, तोच. सिलिकॉनची रेषा सेंटीमीटरमागे ५२० तरंगांजवळ असते. स्फटिक ओढला की ती खाली सरकते, दाबला की वर. एकाच दिशेच्या साधारण ४०० ते ५०० मेगापास्कलला एका एककाने. चिप बनवणारे याच पद्धतीने आतला ताण तपासतात. लेसरमध्ये तर ताण मुद्दाम घालतात: अर्धवाहकाचा पातळ थर आडव्या दिशांनी दाबलेला बसवला की लेसर कमी विजेवर चालतो, ही कल्पना १९८६ मध्ये ए. आर. अॅडम्स यांनी आणि स्वतंत्रपणे याब्लोनोविच व केन यांनी मांडली.

मोबाईलने फोटो घेताना रंग बदलतात. काय करावं?

काळ्या मैदानामुळे फोन आपणहून उजेड वाढवतो आणि पट्टे पांढरे होतात. पडद्यावर पट्ट्याच्या जागी बोट दाबून धरून फोकस आणि उजेड पक्का करा, रंगाचं संतुलन “ऑटो”वरून काढा, फ्लॅश बंद. खोलीत इतर दिवा नको, त्याचं परावर्तन नमुन्यावर पडतं. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात वजनाची चिठ्ठी ठेवा, आणि पहिला फोटो नेहमी रिकाम्या नमुन्याचा.